नाव रुस्तुम, वजन विचारू नका

थांबा, हे आत्ताच सांगायला पाहिजे. ह्या प्रकरणात खरं म्हणजे माझा दहावीचा निकाल येणार होता, आईनं गल्लीभर वाटलेल्या पेढ्यांसकट. पण तो राहू द्या बाजूला, तो कुठं पळून जात नाही. झालं असं की सकाळी चहा पिता पिता पेपरचं खेळाचं पान उघडलं, तर कुठल्यातरी नवख्या बॉलरनं मॅच जिंकून दिली म्हणून मथळा, 'छुपा रुस्तम!' आणि माझा चहा तिथंच थंड झाला. कारण रुस्तुम मी आहे. म्हणजे कागदोपत्री, आधारकार्डावर, रुस्तुम जाधव. हे नाव पेपरात कुणाला लावलेलं दिसलं की मला अजूनही वाटतं, माझी वस्तू न विचारता कुणीतरी वापरतंय. आई म्हणते, "पंचविशी उलटली नाही अन् आत्मचरित्र कसलं लिहितो? आधी लग्न तर कर, म्हणजे लिहायला काहीतरी होईल." तिला म्हटलं, तू भाकरी थाप, मला टाईप करू दे, बोटं थांबत नाहीयेत.

नाव आबांनी ठेवलं, माझ्या वडिलांच्या वडिलांनी. आईला अथर्व ठेवायचं होतं. बरं झालं नाही ठेवलं, कारण पुढं आमच्या वर्गात इतके अथर्व निघाले की सरांनी 'अथर्व' म्हटलं की अर्धा वर्ग उभा राहायचा. पण आबा म्हणजे फुलंब्रीकडचे, अख्खं तारुण्य तालमीत घालवलेले. बारशात बायका पाळण्याभोवती उभ्या असताना ते दारातनं ओरडले म्हणे, "रुस्तुम ठेवा! कुस्तीत सगळ्यात मोठ्या पैलवानाला रुस्तुम म्हणत्यात, समजलं का?" तिकडं खेड्यात जुन्या माणसांत हे नाव सापडतं. रुस्तुमराव असतात, सिकंदरराव असतात, कपाळाला गंध लावून पारावर बसलेले असतात, कुणाला काही वाटत नाही. शहरात मात्र गंमत. नवीन बाई हजेरी घ्यायच्या, 'रुस्तुम' म्हणायच्या, मग 'जाधव' म्हणायच्या, मग चष्मा वर करून माझ्याकडं बघायच्या. ईदच्या दिवशी अर्धी शाळा मला मुबारक म्हणायची आणि मी पण खैर मुबारक म्हणायचो, कोण समजावत बसणार? परीक्षेत चुकून चांगले मार्क पडले की छुपा रुस्तम. डब्यातला लाडू लपवून खाताना सापडलो की छुपा रुस्तम. लपायला जागा नव्हती बघा मला, आणि म्हणे छुपा.

त्यात अंगानं मी असा, की शर्ट हँगरला लावल्यावर जास्त भरलेला दिसायचा. आबांनी तरी सोडलं नाही. पाचवीतच जुन्या शहरातल्या तालमीत नेऊन वस्तादांपुढं उभं केलं. वस्तादांनी नाव विचारलं, मी सांगितलं, त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "नाव तर पोटभर जेवलंय, पोरगं उपाशी ठिवलं काय?" तेव्हापासून रोज पहाटे तालीम. बाहेर अजान व्हायची, आत जोर-बैठकांचे श्वास, मग कुणीतरी दांडग्या आवाजात बजरंगाचं नाव घ्यायचा आणि मांडीवर शड्डू पडायचा, फट्! हौदातली लाल माती ताक, तेल आणि हळद घालून मळलेली असायची. तिचा वास मला अजून कुठं भाजीला हळदीची फोडणी बसली की येतो. घरी आलो की आईची बाजरीची भाकरी, येसर आमटी आणि वर लोण्याचा गोळा. आई म्हणायची, "खा. तुझ्या नावासाठी खा. तुझ्यासाठी नाय."

सोहराब तालमीत आला तेव्हा आम्ही दोघंही आठवीत होतो. तो शहागंजातला. त्याच्या दादाजानचं, म्हणजे आजोबांचं, तिथं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. माझ्याच वजनाचा, म्हणजे वजन नसलेलाच, म्हणून वस्तादांनी जोड लावली ती कायमची. रोज सकाळी तो मला पाडायचा, मी त्याला पाडायचो, मग दोघं मिळून कोपऱ्यावर पोहे खायचो. नावांचं आमच्या डोक्यातसुद्धा नव्हतं. मला माझं नाव म्हणजे कुस्तीतली पदवी एवढंच ठाऊक, त्याला त्याचं नाव म्हणजे दादाजाननी ठेवलेलं एवढंच ठाऊक. तालमीतल्या कुणालाच ठाऊक नव्हतं, नाहीतर आमचं जगणं तेव्हाच अवघड झालं असतं.

आता अडचण काय होती ते सांगतो. मी जत्रेच्या कुस्त्यांत कधीच जिंकलो नव्हतो. एकदाही नाही. आणि आबा प्रत्येक जत्रेला यायचे, पांढराशुभ्र फेटा बांधून, पुढच्या रांगेत. मी पडलो की ते खिशातनं पानाची चंची काढायचे, सुपारी कातरायचे आणि माझ्याकडं न बघता म्हणायचे, "पुढच्या टायमाला." पण पारावरची माणसं त्यांना सोडत नव्हती. "आबा, तुमचा रुस्तुम आला का? का वाऱ्यानं उडाला?" आबा हसायचे, पण ते हसू मिशीच्या वर जायचं नाही. मला ते दिसायचं. त्या वर्षी, दहावीची परीक्षा झाल्या झाल्या, खुद्द आबांच्या गावची जत्रा होती. मला एकच पाहिजे होतं, त्या पुढच्या रांगेसमोर एक कुस्ती मारायची. बक्षीस स्टीलचा हंडा होता, खेड्यातल्या जत्रेत पोरांच्या कुस्त्या भांड्यावरच लागतात. तो हंडा आबांच्या दारात ठेवायचा, उन्हात चमकला पाहिजे, पारावरनं दिसला पाहिजे, एवढंच.

आणि मग पोस्टर आलं. गावच्या शाळेतले गायकवाड गुरुजी दरवर्षी माईकवर कुस्त्यांचं निवेदन करायचे, जोडी पण तेच ठरवायचे. त्यांनी आमच्या तालमीतनं आलेली नावं वाचली आणि त्यांना काय हर्षवायू झाला कुणास ठाऊक, ठळक लाल अक्षरांत छापून टाकलं: 'रुस्तुम विरुद्ध सोहराब! इतिहास पुन्हा घडणार!' आम्हाला वाटलं, गुरुजी नेहमीसारखे वाढवून बोलतायत. वस्तादांनी फक्त एवढंच बजावलं, "त्या गावची रीत ध्यानात ठिवा. पाठ मातीला लागली का नाय हे पंचाला दिसलं नाय, तर तो खाली पडलेल्याला विचारतो. तो म्हणंल ते शेवटचं. पुढं कुणी बोलायचं नाय." मी मान हलवली. सोहराबनं पोस्टरची घडी करून खिशात घातली, घरी दाखवायला.

त्याच दुपारी सोहराबकडं नान-खलिया होता, म्हणजे नान आणि तर्रीदार मटण. मला खलियाचं निमंत्रण लागत नाही, वास पुरतो. तवंगात बुडवलेला नान तोंडात कोंबत होतो, तेवढ्यात दादाजाननी पोस्टर हातात घेतलं, भिंगाचा चष्मा लावला, ज्यातनं ते घड्याळांचे स्प्रिंग बघायचे तो, आणि वाचता वाचता असे हसायला लागले की सोहराबच्या अम्मी पाण्याचा पेला घेऊन धावत आल्या. "अरे, ये क्या कर दिया इन्होंने! बच्चो, तुमकू किस्सा मालूम नहीं?" आम्ही दोघांनी भरल्या तोंडानं नाही म्हणून मान हलवली. मग दादाजान मांडी घालून बसले आणि त्यांनी सांगितलं.

इराणमधली गोष्ट. फार फार जुनी, तिथल्या कवींनी आळवलेली, इकडं उर्दूत आलेली, दादाजानच्या लहानपणी इथं नाटकात पण व्हायची. रुस्तुम हा तिथला सगळ्यात मोठा पहिलवान, हत्तीला भारी. त्याला एक मुलगा होतो, सोहराब. पण तो बापापासून लांब, आईकडं वाढतो, बापलेकांनी एकमेकांचं तोंड बघितलेलं नसतं. ओळख पटावी म्हणून मुलाच्या दंडावर आईनं बापाची खूण बांधलेली असते. पुढं लढाई लागते, दोघं दोन बाजूंनी उभे राहतात, आणि न ओळखता कुस्तीला भिडतात. सोहराब रुस्तुमला पाडतो! छातीवर बसतो! आणि तेव्हा हा रुस्तुम, हा सगळ्यात मोठा पहिलवान, खालनं काय म्हणतो, तर म्हणे आमच्याकडं पहिल्यांदा पाठ लागली तर धरत नाहीत, दुसऱ्यांदा लागली तरच हार. साफ थाप. पोरगं भोळं, सोडून देतं. दुसऱ्या वेळी रुस्तुम त्याला पाडतो, खंजीर घालतो, आणि मग दंडावरची खूण बघतो.

 इतकी वर्षं मला वाटत होतं माझं नाव म्हणजे गदा, पदवी, हार-तुरे. आणि मूळ मालक निघाला खोटारडा, वर पोटच्या पोराला मारणारा! सोहराब मात्र भलत्याच आनंदात. बोटं चाटत म्हणाला, "मतलब तू मेरा बाप हुआ?"

"गप रे."

"अब्बा, जरा सालन बढ़ाना."

पण स्वयंपाकघराच्या दारात अम्मी उभ्या होत्या आणि त्या हसत नव्हत्या. "नक्को," त्या म्हणाल्या. "मेरा बच्चा नै जाता उस जत्रा में." दादाजाननी समजावलं की बहू, किस्सा है, हजार साल पुराना. सोहराबनं समजावलं की अम्मी, ये देखो इसकू, ये किसकू मारेगा, इसकू तो हवा मारती. शेवटी अम्मी एका अटीवर तयार झाल्या. दर्ग्यातनं ताबीज आणलं आणि काळ्या धाग्यात ओवून सोहराबच्या डाव्या दंडावर बांधलं. दादाजान पुन्हा हसून हसून आडवे झाले. "बहू, किस्से में भी तो माँ ने यहीच बाँधा था! ठीक यहीच!" अम्मींनी त्यांच्याकडं असं बघितलं की ते घड्याळं बघायला निघून गेले. मग अम्मी माझ्याकडं वळल्या, माझ्या ताटात आणखी एक नान ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "बेटा, धागा टूटना नहीं. हाँ?" आता तुम्हीच सांगा, ज्यांच्या हातचं खातो त्यांना काय नाही म्हणणार? मी हौ म्हणालो.

घरी आईला सांगितलं तर ती भलतंच म्हणाली. "मग तिथं नाव बदलून सांग. अथर्व सांग." सोळा वर्षं झाली तरी बाई बारशातनं बाहेर आलेली नव्हती.

त्यानंतर जत्रेपर्यंत मी नावाच्याच मागं लागलो. लायब्ररीत गेलो. ऐतिहासिक पुस्तकांत रुस्तुम नावाचे सरदार निघाले, कुणी आदिलशाहीत, कुणी आणखी कुठं, बहुतेक सगळे घोड्यावर बसायचे आणि हरून परत जायचे. एका रहस्यकथेत रुस्तुम ड्रायव्हर होता, खुनाच्या वेळी गाडीत झोपलेला. कॅरम क्लबच्या भिंतीवर जुन्या चॅम्पियनचा फोटो, खाली 'रुस्तुम-ए-कॅरम'. जिकडं बघावं तिकडं मी, आणि एकही माझ्यासारखा नाही. सोहराबला सांगितलं, तर तो म्हणाला, "अब्बा, आप तो बहोत मशहूर निकले." तालमीत आता सगळेच त्याला विचारायचे, काय रे, वडील आले का?

जत्रेच्या दिवशी आम्ही जीपमध्ये कोंबून गेलो. मी, सोहराब, वस्ताद आणि 'किस्सा देखने' म्हणून शेरवानी घालून आलेले दादाजान. आबांनी त्यांना बघताच शेजारी जागा करून दिली. पुढची रांग, एक फेटा, एक टोपी, दोघांत एक पानाची चंची. हलगी कडाडली आणि आम्ही लंगोट बांधून मैदानात उतरलो. गायकवाड गुरुजी माईकमध्ये शिरले होते जवळजवळ. "ऐका हो ऐका! बाप कोण, लेक कोण! कोण कुणाला ओळखणार!" लोकांना काही कळलं नाही, पण टाळ्या पडल्या. सोहराबनं सलामीला हात पुढं केला आणि पुटपुटला, "दुआ दो अब्बा." मला हसू आलं, आणि हसू आलं की माझा दम जातो, हे त्याला ठाऊक होतं.

भिडलो. पहिली पकड झाली आणि माझ्या डोळ्यासमोर, अगदी नाकासमोर, तो काळा धागा. माझा हुकमी डाव म्हणजे समोरच्याचा डावा दंड ओढून त्याला फिरवायचं. डावा दंड! हात पुढं जायचा आणि अम्मींचा आवाज यायचा, धागा टूटना नहीं. मी उजवा धरला. तो सुटला. पट काढायला, म्हणजे पाय ओढायला वाकलो, तो निसटला. पारावरची मंडळी ओरडायला लागली, "रुस्तुम, कुस्ती खेळ, फुगडी नको!" सोहराब पण वैतागला, कानात म्हणाला, "हात का धरत नाहीयेस?" आणि मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यानं मानेत हात घालून ढाक लावली. आभाळ, फेटे, हलगीवाला, सगळं एकदा वर गेलं आणि एकदा खाली. मी धपकन मातीत. तसाच वळवळून पालथा झालो.

मैदानात कल्ला. अर्धे ओरडतायत, लागली, लागली! अर्धे म्हणतायत, नाय लागली, पोरगं पालथं हाय! पंच नेमका दुसऱ्या बाजूला होता आणि त्याच्या डोळ्यात धुरळा गेलेला. माझ्या पाठीला आधीच इतकी माती होती की बघून काही कळण्यासारखं नव्हतं. हलगी थांबली. पंच माझ्यापाशी आला, वाकला आणि गावच्या रितीप्रमाणं म्हणाला, "बोल पोरा. लागली का पाठ?"

लागली होती. पुरती. खालचा खडा टोचला होता मला, दोन्ही खांदे टेकले होते. पण ते फक्त मला ठाऊक होतं. सोहराब माझ्या बाजूला गुडघ्यावर होता, रितीप्रमाणं त्यानं बोलायचं नसतं. मी पुढच्या रांगेकडं बघितलं. आबांनी चंची काढली नव्हती. ते उभे राहिले होते, फेटा जरा कललेला, आणि तोंड असं झालं होतं की मी फक्त 'नाय' म्हणायची वाट. एक शब्द, आणि कुस्ती पुन्हा सुरू. कदाचित हंडा. आणि खरं सांगतो, शब्द तोंडात तयार होता. आणि तेवढ्यात डोक्यात आलं, अरे, हे तर तेच! हाच तो पहिलवान, असाच खाली पडलेला, आणि वरनं तो भोळा सोहराब बघतोय. इतका राग आला मला त्या इराणच्या माणसाचा! माझ्या आधी येऊन माझं नाव वापरून गेलेला, आणि आता माझ्या तोंडून पण तोच बोलणार?

"लागली," मी म्हणालो. जरा जोरातच निघालं.

गुरुजींच्या माईकमधनं "अरेरे" ऐकू आलं. पंचानं सोहराबचा हात वर केला. हलगी वाजली. सोहराबनं मला उठवलं, पाठीवरची माती झाडली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा अब्बा न म्हणता म्हणाला, "रुस्तुम, चल पोहे खाऊ."

आबा मात्र भयंकर चिडले. लोकांना वाटेल म्हातारा गहिवरला वगैरे, अजिबात नाही. परत येताना जीपमध्ये मी मागं, मांडीवर सोहराबचा हंडा धरून, कारण त्याच्या मांडीवर सगळ्यांच्या पिशव्या होत्या, आणि पुढं आबा. आबांना शहरातल्या दवाखान्यात जायचं होतं, म्हणून आमच्याबरोबरच. "पंचानं इचारलं तर गप बसावं माणसानं!" ते काचेकडं बघून बोलत होते. "त्याला दिसलं नाय, तुला काय खाज व्हती? लई आला सांगणारा! पारावर तोंड मला दाखवायचंय, तुला नाय!"   वस्ताद खिडकीबाहेर बघत होते, पण हसू दाबताना त्यांचे खांदे हलत होते.

तेव्हा दादाजान म्हणाले, "भाईसाब, इसने तो हमारा किस्साच बिगाड़ दिया."

"कसला किस्सा?"

आणि तेव्हा कळलं, की ज्या माणसानं मला हे नाव दिलं, त्याला ती गोष्ट ठाऊकच नव्हती. त्यांना फक्त पदवी ठाऊक होती. फुलंब्रीपासून शहरापर्यंत दादाजाननी सगळी सांगितली, हाताचे आविर्भाव करून. आबा आधी नाक मुरडून ऐकत होते. मग मान वळवून ऐकायला लागले. बाप खाली पडतो आणि थाप मारतो तिथं आले, तर आबा ताडकन म्हणाले, "काय सांगताय! पाठ लागल्यावर? रुस्तुमनं?"

"जी हाँ."

"आन् पोरगं सोडतं?"

"बच्चा है. भरोसा करता है."

 शहर जवळ आलं, हर्सूलच्या अलीकडं दादाजानचं सांगून संपलं. ड्रायव्हरनं पण गाडी हळू केली होती, तो पण ऐकत होता. आबांनी चंची काढली, सुपारी कातरली, थोडी दादाजानला दिली. मग मागं वळून माझ्याकडं बघितलं. मी पडल्यावर त्यांनी माझ्याकडं बघायची ही पहिलीच वेळ. म्हणाले, "मंजी माझंच चुकलं. तुझं नाव सोहराब ठिवायला पायजे व्हतं."

"तो फिर मेरा?" सोहराब म्हणाला.

"तुझं ऱ्हाऊ दे तसंच. तालमीत दोन चालत्यात. तिकडं शाळंत अथर्व नाय का चिक्कार?"

मग जे हसू आलं त्यांना, ते मिशीच्या वर गेलं, डोळ्यांत गेलं, फेट्यापर्यंत गेलं. त्यानंतर पारावर कुणी विचारलं, रुस्तुम जिंकला का, तर आबा ताठ मानेनं सांगायचे, "हारला. स्वतः सांगून हारला. तुमी बसा इथं, मी गोष्ट सांगतो." आणि सगळी गोष्ट सांगायचे, इराणसकट, दादाजानसारखे हात करून. फक्त शेवट बदलायचे. त्यांच्या गोष्टीत रुस्तुम खाली पडतो आणि म्हणतो, लागली. आणि मग दोघं जीपमध्ये बसून घरी येतात. गावातली लहान पोरं आता इराणची गोष्ट तशीच आहे असं समजतात, आणि मी ती दुरुस्त करत नाही.

चला, आईनं भाकरी खायला हाक मारली. पण जायच्या आधी एक विचारू? तुमच्या नावाचं कुणी तुमच्या आधी होऊन गेलंय का, देवळात, मैदानात, पुस्तकात, कुठंही? आणि कधी असं झालंय का, की त्यानं जे केलं तेच करायची वेळ तुमच्यावर आली, अगदी तश्शीच, आणि सगळे तुमच्या तोंडाकडं बघत होते? तेव्हा तुम्ही काय म्हणालात?